इंदुरातून आरोग्य-तंत्रज्ञानाची कंपनी सुरू करताना : कोणते काम आधी, कोणते नंतर

इंदूर हे माळवा आणि निमाडचे दवाखान्यांचे शहर आहे. धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी या जिल्ह्यांतला रुग्ण गावच्या डॉक्टरने हात टेकले की इंदूरची बस धरतो, आणि एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले एमवाय रुग्णालय, गीता भवन-पलासिया भागातली खासगी रुग्णालये आणि गल्लोगल्लीची नर्सिंग होम मिळून हा भार उचलतात. दुसरीकडे सिमरोलचे आयआयटी, एसजीएसआयटीएस आणि इतर महाविद्यालयांतून दर वर्षी अभियंते बाहेर पडतात. त्यांतल्या पुष्कळांना नोकरीसाठी पुणे-बेंगळुरू गाठण्याऐवजी इथेच काही उभे करावेसे वाटते. मी अशीच एक छोटी कंपनी चालवतो. आम्ही लहान रुग्णालयांसाठी नोंदी आणि बिलांचे सॉफ्टवेअर बनवतो. ओळखीच्या मराठी घरांतली मुले-मुली सल्ला विचारायला येतात तेव्हा तेच ते सांगावे लागते, म्हणून ते एकदा नीट लिहून ठेवत आहे.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. ते आधी कंपनी नोंदवतात, मग अ‍ॅप बनवतात, मग डॉक्टर शोधतात आणि कायदा सगळ्यात शेवटी वाचतात. आरोग्याच्या क्षेत्रात हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटा चालवावा लागतो, कारण तुमचे सॉफ्टवेअर रुग्णाविषयी नेमके काय म्हणते यावर परवाना, वेळ आणि भांडवल या तिन्ही गोष्टी ठरतात. पुढे दिलेली शुल्के आणि अर्ज वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी संबंधित शासकीय पोर्टल उघडून खात्री करून घ्यावी.

१. आधी ओपीडीत बसा

पहिले काम लॅपटॉप बंद ठेवून करायचे आहे. दहा ते तीस खाटांचे एखादे नर्सिंग होम निवडा आणि डॉक्टरांची लेखी परवानगी घेऊन रिसेप्शनच्या काउंटरमागे बसा. राजेंद्रनगर, सुदामानगर किंवा रामबागेतल्या कोणत्याही मराठी कुटुंबात विचारले, तर नात्यातला किंवा ओळखीचा एखादा डॉक्टर निघतोच. सोमवारची सकाळ आणि कोणत्याही दिवशीची संध्याकाळ या दोन्ही वेळा पाहाव्यात, कारण गर्दीत काउंटरवरची मुलगी कोणते रकाने सोडून देते, हे गर्दी असल्याशिवाय कळत नाही.

पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. खरगोनकडून एक आजी भाच्याबरोबर येतात. पर्च्यावर, म्हणजे केसपेपरवर, मोबाइल क्रमांक लिहिला जातो तो भाच्याचा, कारण आजींकडे फोन नसतो. पुढच्या महिन्यात त्या सुनेबरोबर येतात. या वेळी क्रमांक सुनेचा पडतो, आणि आधी ‘कमलाबाई’ असे एकत्र लिहिलेले नाव आता ‘कमला बाई’ असे तोडून लिहिले जाते. मोबाइल क्रमांक हीच रुग्णाची ओळख धरून बनवलेल्या कोणत्याही प्रणालीत या दोन वेगवेगळ्या बायका होतात आणि जुना ईसीजी, मागची औषधे, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी हे सगळे पहिल्या कमलाबाईंच्या नावावर अडकून राहते. उलटही होते: एकाच घरातल्या पाच जणांचा क्रमांक एकच असतो. आधारचा ओटीपी तर गावी राहिलेल्या मुलाच्या फोनवर जातो आणि तो त्या वेळी शेतात असतो. हे काउंटरमागे बसून पाहिले की नोंदणीचा पडदा कसा आखायचा, नाव-वय-गाव मिळून संभाव्य जुळण्या कशा दाखवायच्या आणि ओटीपीशिवायचा मार्ग का ठेवायचा, हे वेगळे समजवावे लागत नाही.

बसलेले असताना तीन पथ्ये पाळा. रजिस्टरचे फोटो काढू नका. रुग्णांची नावे आपल्या वहीत उतरवू नका. तपासणीच्या खोलीत जायचे असेल तर डॉक्टरांनी रुग्णाला विचारल्यावरच जा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांच्या माहितीवर अभ्यास करायचा असेल तर तिथल्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. प्राध्यापक ओळखीचे आहेत एवढ्यावर ते काम सुरू करता येत नाही.

डॉक्टरांना ‘असे अ‍ॅप असेल तर तुम्ही वापराल का’ असे कधीही विचारू नये. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. सगळे हो म्हणतात, चहा पाजतात आणि पुढे फोन उचलत नाहीत. त्याऐवजी या कामासाठी ते आज कोणाला किती पैसे देतात, आणि ते काम एक दिवस बंद पडले तर नुकसान कोणाचे होते, हे विचारा. दोन्हींची उत्तरे ठोस मिळाली नाहीत, तर तो प्रश्न सोडवण्यासाठी कोणी पैसे देणार नाही असे समजावे.

२. आपला दावा एका वाक्यात लिहा आणि त्यावरून आपले खाते ओळखा

‘आमचे सॉफ्टवेअर अमुक व्यक्तीसाठी अमुक काम करते’ असे एकच वाक्य कागदावर लिहा. त्यावरून तुम्ही साधारणपणे चारपैकी एका खात्यात पडता: रुग्णालयाच्या नोंदी व व्यवस्थापन, टेलिमेडिसिन (फोन किंवा व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला), वैद्यकीय उपकरण, किंवा औषधे व तपासण्या घरपोच देणे.

ही खाती वेगळी ठेवणारी रेघ फार बारीक असते. ईसीजीचा कागद स्कॅन करून तो इंदुरातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पोहोचवणारे सॉफ्टवेअर हे निरोप पोहोचवण्याचे काम करते. त्याच पडद्यावर ‘हा ईसीजी असामान्य वाटतो’ अशी लाल पट्टी आली की ते निदानाच्या कामात शिरते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या अधिसूचनेनुसार निदान, उपचार किंवा देखरेखीसाठी असलेले सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते. उपकरणाचा उद्देश ठरवताना वेष्टन आणि सूचनापत्रिकेबरोबर जाहिरातीचे साहित्यही पाहिले जाते, हे नवख्यांना माहीत नसते. प्रोग्राम साधा असला तरी विक्रीच्या मुलाने हौसेने छापलेल्या पत्रकात ‘हृदयविकार आधीच ओळखा’ असे असेल, तर तो दावा तुमचाच ठरतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्रक, संकेतस्थळावरचा मजकूर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा संदेश एकाच जबाबदार माणसाच्या नजरेखालून गेला पाहिजे.

आहार, व्यायाम किंवा मधुमेहाविषयीचे अ‍ॅप करणाऱ्यांनी १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाही वाचावा. मधुमेह त्याच्या अनुसूचीत आहे. ‘साखर कायमची बरी’ हे वाक्य परवडणारे नाही.

चौथ्या खात्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्याच उद्योगात औषधांच्या ऑनलाइन विक्रीत पडू नये. त्यासाठीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये आला, तो अंतिम झाला नाही, आणि मधल्या धूसर पट्ट्यात मोठ्या भांडवलाच्या कंपन्या वकिलांच्या बळावर उभ्या आहेत. दवा बाजार या इंदूरच्या औषधांच्या घाऊक बाजारातल्या परवानाधारक विक्रेत्यांना त्यांचा साठा आणि मुदत संपत आलेली औषधे सांभाळणारे सॉफ्टवेअर विकणे हा कमी चमकदार पण निर्धोक धंदा आहे.

३. सोबतचे लोक आणि लेखी करार

डॉक्टर सहसंस्थापक असणे फायद्याचे आहे. पण शासकीय सेवेत असलेल्या डॉक्टरला संचालक करण्यापूर्वी त्याचे सेवानियम पाहिले पाहिजेत. शेअर सगळ्यांना एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील असे लिहून घ्या. मित्रांत असे कसे बोलायचे, म्हणून हा विषय टाळला जातो, आणि सहा महिन्यांत नोकरी लागून हैदराबादला गेलेल्या मित्राकडे तिसरा हिस्सा राहतो.

बाहेरच्या प्रोग्रामरकडून कोड लिहून घेत असाल, तर पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असे होत नाही. नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी मालकाकडे येते, पण कंत्राटी माणसाच्या बाबतीत कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो आणि तो लेखी हस्तांतरणाने घ्यावा लागतो. या कराराच्या मसुद्यात दोन गोष्टी हमखास राहून जातात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच धरले जाते. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे दोन्ही शब्द त्यात असलेच पाहिजेत. गुंतवणूकदाराचा वकील पहिल्यांदा नेमके हेच पान मागतो.

४. कंपनीची नोंदणी

ज्या अडचणीसाठी कोणीतरी पैसे द्यायला तयार आहे आणि जिचे खाते तुम्हाला कळले आहे, अशी अडचण हाती लागली की मगच नोंदणी करा. खासगी मर्यादित कंपनीसाठी किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. अर्ज स्पाइस प्लस या एकत्रित अर्जाने होतो. त्याच्या पहिल्या भागात १,००० रुपये शुल्क भरून दोन नावे सुचवता येतात आणि मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. पॅन आणि टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक) त्यासोबतच मिळतात. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राचे नोंदणी शुल्क लागत नाही, राज्याचा मुद्रांक मात्र लागतो. मध्य प्रदेशाचे कंपनी निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला आहे. पण अर्ज ऑनलाइन असल्यामुळे त्यासाठी ग्वाल्हेरला जावे लागत नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे:

– प्रत्येक संचालकाचे पॅन, आधार, छायाचित्र, आणि पत्त्यासाठी ताजे बँक विवरण किंवा वीज/फोनचे बिल
– डिजिटल स्वाक्षरी
– नोंदणीकृत कार्यालयाचे दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले बिल
– जागा भाड्याची असेल तर भाडेकरार, आणि जागामालकाचे ना-हरकत पत्र (जागा वडिलांची असली तरीही)

मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला इथे एक खास अडचण येते. आपल्या पॅनवर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते. इथल्या शाळेच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर मधले नाव गळालेले असते, आणि लग्नानंतर मुलींच्या कागदांत आणखी एक रूप भर घालते. नावे जुळली नाहीत की डिजिटल स्वाक्षरीपासूनच अर्ज अडतो. हे दुरुस्त करण्याचे काम ओपीडीत बसता बसताच सुरू करावे.

नोंदणीनंतर १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा, म्हणजे आयएनसी-२०ए हा अर्ज, भरावा लागतो आणि त्यासाठी भागधारकांनी भांडवलाची रक्कम खरोखर बँकेत जमा केलेली असावी लागते. तो चुकला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड होतो. पहिला लेखापरीक्षक ३० दिवसांत नेमायचा असतो. वार्षिक विवरणे उशिरा भरली तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये चढत जातात, मग उलाढाल शून्य का असेना. गुमास्ता परवाना आणि व्यवसाय कराची नोंद तुमचे सीए करून देतील. उद्यम नोंदणी (सूक्ष्म व लघु उद्योगांची सरकारी नोंद) आणि स्टार्टअप इंडियाची मान्यता या दोन्ही गोष्टी मोफत आहेत; त्यांसाठी हजारो रुपये मागणारी, शासकीय वाटावीत अशी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्क) अर्ज प्रत्येक वर्गामागे ९,००० ऐवजी ४,५०० रुपयांत होतो. आपल्या कामाला बहुधा ९, ४२ आणि ४४ हे वर्ग लागू पडतात.

५. रुग्णाच्या माहितीची जबाबदारी

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर आपण मोकळे आहोत असे समजू नका, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत आधीपासूनच मोडतात. सुरक्षेची वाजवी व्यवस्था ठेवली नाही तर नव्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सायबर घटना घडली तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे हे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आजही बंधनकारक आहे. सहा तास म्हणजे रात्री दोनला घटना कळली तर सकाळी आठच्या आत. हा अर्ज कोण भरणार, हे आधीच ठरलेले असावे.

संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय रुग्णाला द्यावी लागते. हिंदी आणि मराठी त्यात आहेत; माळवी, निमाडी आणि भिली नाहीत. त्यामुळे झाबुआच्या रुग्णासमोर नियमाप्रमाणे बिनचूक असलेला पडदा ठेवूनही त्याला काही कळलेले नसते. काउंटरवरच्या माणसाने तोंडी वाचून दाखवायचे चार ओळींचे निवेदन आम्ही वेगळे तयार ठेवतो. १८ वर्षांखालील रुग्णाची माहिती हा वेगळा विषय आहे. बालरोगतज्ज्ञांसाठी काही बनवत असाल तर त्याचे नियम आणि त्यांतल्या दवाखान्यांसाठीच्या सवलती वकिलाकडून समजून घ्या.

प्रत्यक्षात माहिती फुटते ती मोठ्या हल्ल्यांपेक्षा साध्या सवयींमुळे. रिसेप्शनवरचे सगळे जण ‘अ‍ॅडमिन’ या एकाच नावाने आत जातात आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. प्रत्येकाला वेगळे लॉगिन, भूमिकेनुसार मर्यादित परवानगी, आणि कोणी कोणाची फाइल कधी उघडली याची पुसता न येणारी नोंद, एवढे पहिल्या आवृत्तीतच हवे. आणि नव्या सुविधेची चाचणी घेताना प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर खऱ्या रुग्णांची माहिती उतरवू नये. खोटी नावे तयार करायला अर्धा तास लागतो.

६. आभा आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन

रुग्णाच्या आरोग्य नोंदी डिजिटल रूपात एकमेकांना जोडणारे केंद्राचे हे मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू आहे. रुग्णाचा १४ अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक, डॉक्टरांची नोंदवही आणि आरोग्य संस्थांची नोंदवही हे त्याचे पाये आहेत. तुमचे सॉफ्टवेअर त्याला जोडायचे असेल तर आधी सँडबॉक्स या चाचणीसाठीच्या प्रणालीत नोंदणी करावी लागते आणि तीन टप्पे असतात: पहिल्यात आभा तयार करणे व पडताळणे, दुसऱ्यात रुग्णालयातल्या नोंदी आभाला जोडणे, तिसऱ्यात रुग्णाच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी मागवणे. त्यानंतर कार्यचाचणी, आणि सर्ट-इनच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी. ही तपासणी पैसे मोजून करावी लागते आणि पहिल्या फेरीत कोणी सहसा सुटत नाही, तेव्हा दुरुस्ती व फेरतपासणीचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

दुसरा टप्पा सगळ्यांत जड जातो, कारण नोंदी एफएचआयआर या प्रमाणित रचनेत द्याव्या लागतात. ‘डिस्चार्ज कार्ड’ नावाची एक लांबलचक मोकळी चौकट ठेवून चालत नाही. निदान, औषध, मात्रा, तपासणी हे वेगवेगळे घटक साठवलेले असावे लागतात. म्हणून माहितीची रचना पहिल्या दिवसापासून त्या पद्धतीने करा, जोडणी नंतर केली तरी चालेल. पुण्याच्या सी-डॅकमधले राष्ट्रीय प्रमाणके केंद्र यासाठी मार्गदर्शन आणि साधने देते. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावली भारतात विनामूल्य वापरता येते.

रुग्णालयाची स्वतःची संस्था-नोंदवहीतली नोंदणी झाली नसेल तर तुमची जोडणी तिथे चालत नाही, आणि ते काम डॉक्टरसाहेब ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. शेजारी बसून करून घ्या. आभा ऐच्छिक आहे. ती नसल्यामुळे कोणाचा पर्चा अडणार नाही, अशी सोय प्रणालीत ठेवा.

७. टेलिमेडिसिन करणार असाल तर

२५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे संपूर्ण वाचा. ती २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांना जोडलेली आहेत, आणि २०२३ चे नवे आचारनियम स्थगित झाल्यामुळे तीच चालू आहेत. त्यांत प्लॅटफॉर्म चालवणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे: प्रत्येक डॉक्टरची वैद्यकीय परिषदेतली नोंदणी तुम्ही पडताळायची, त्यांचे नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक दाखवायचा, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला थेट सल्ला द्यायचा नाही की औषध लिहून द्यायचे नाही, ती डॉक्टरला मदत करू शकते. औषधांच्या याद्या आहेत. ‘ए’ यादीतली औषधे पहिल्या सल्ल्यात द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवर व्हावा लागतो, आणि अनुसूची एक्स व अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधे अशा सल्ल्यावर देताच येत नाहीत. हा निर्बंध प्रिस्क्रिप्शनच्या पडद्यातच बसवावा.

ई-संजीवनी ही सरकारी सेवा मोफत आहे, हेही लक्षात ठेवा. ‘गावातल्या रुग्णाला शहरातला डॉक्टर’ एवढेच तुमचे सांगणे असेल, तर त्यासाठी पैसे कोण आणि का देईल याचे उत्तर आधी शोधावे लागेल.

८. वैद्यकीय उपकरणाच्या खात्यात असाल तर

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गातल्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या प्राधिकरणाकडून, तर सी आणि डी वर्गाचा केंद्राच्या औषध नियंत्रण संघटनेकडून मिळतो. पहिल्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि पुढच्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. वर्ग आपल्या सोयीने ठरवू नका. संघटनेने प्रसिद्ध केलेल्या याद्या पाहा आणि या कामातला अनुभवी सल्लागार एकदा तरी गाठा.

सर्वांत जास्त फसगत होते ती प्राथमिक नमुन्यात. ‘विकत नाही, फक्त चाचणीसाठी चार नग बनवतो’ असे म्हणणाऱ्यालाही चाचणी परवाना लागतो; अर्ज एमडी-१२ आणि परवाना एमडी-१३. गुणवत्ता व्यवस्थेची कागदपत्रे शेवटी बसून लिहिता येत नाहीत. गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५, जोखमीसाठी आयएसओ १४९७१ आणि सॉफ्टवेअरच्या जीवनचक्रासाठी आयईसी ६२३०४ ही तीन प्रमाणके हाताशी ठेवून, कोणता बदल कोणी, का आणि कोणत्या चाचणीनंतर केला, याची नोंद पहिल्या ओळीपासून ठेवली तरच लेखापरीक्षक ती मान्य करतो. या खात्यात पैसे उशिरा दिसतात. घरची परिस्थिती दोन-तीन वर्षे थांबण्यासारखी नसेल तर पहिल्या खात्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

९. किंमत, कर आणि भांडवल

रुग्णालयाला दर सांगताना जीएसटीचा विचार आधी करा. आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे तुम्ही लावलेला १८ टक्के कर रुग्णालयाला कुठेही वळता करून घेता येत नाही. महिन्याला ५,००० रुपये सांगितले तर त्याच्या खिशातून ५,९०० जातात आणि तो तेवढेच मोजतो. सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे लहान नर्सिंग होमपासून सुरुवात करणाऱ्याने घाईने नोंदणी करावी का, हे सीएबरोबर बसून ठरवावे. मोठी रुग्णालये मात्र जीएसटी क्रमांक नसलेल्या कंपनीला दारात उभे करत नाहीत.

‘आम्ही रुग्ण पाठवतो, तुम्ही प्रत्येक रुग्णामागे टक्केवारी द्या’ ही कल्पना दर दुसऱ्या तरुणाच्या वहीत असते. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे डॉक्टरांना आचारनियमांनी मना आहे. बाजारात ते चालते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कंपनीच्या बँक खात्यातून, करारावर सही करून, तुम्ही त्याचा पुरावाच तयार करत असता. खाटेमागे किंवा वापरकर्त्यामागे मासिक शुल्क हाच सरळ मार्ग आहे.

भांडवलासाठी, समभाग न देता मिळणारे, बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट पाहण्यासारखे आहे. ते नव्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत मिळते. आयआयटी इंदूरचे दृष्टी फाउंडेशन आणि प्रेस्टिजचे अटल इनक्युबेशन केंद्र इथेच आहेत. अशा इनक्युबेटरकडून, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेकडून, जागेपेक्षा डॉक्टर, वकील आणि आधी हे सोसलेले उद्योजक यांच्या ओळखी मागा. खुर्ची-टेबल घरीही असते.

१०. पहिली रुग्णालये

मोफत चाचणी द्यायची असेल तर तिची शेवटची तारीख लिहून द्या आणि त्या तारखेनंतरचा दर त्याच कागदावर लिहा. नाममात्र का होईना, पैसे घेतले तर रुग्णालय एक माणूस शिकायला बसवते. प्रणाली सोमवारी किंवा महिनाअखेरीला सुरू करू नका. कागदी रजिस्टर काही आठवडे समांतर चालू ठेवा. प्रशिक्षण हिंदीत द्या आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना रात्रीच द्या, कारण दुपारी बोलावले तर त्या झोपमोड करून येतात आणि काही ऐकत नाहीत. नेट गेले, वीज गेली तरी पर्चा निघाला पाहिजे. पावसाळ्यात हे एकदा तरी होणारच.

वसुली हा या धंद्याचा कंटाळवाणा पण निर्णायक भाग आहे. एका रुग्णालयाने आम्हाला तीन तिमाही ‘लेखा विभागात आहे’ असे सांगत ठेवले. सूक्ष्म व लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण त्यासाठी काम देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असावी आणि तो क्रमांक बिलावर छापलेला असावा. नुसता हा नियम बिलाच्या तळाशी छापल्यावर आम्हाला वसुलीसाठी करावे लागणारे फोन कमी झाले.

करारात शेवटी संबंध तुटला तर काय, हे नक्की लिहा. माहिती रुग्णालयाची आणि रुग्णाची आहे, तुमची नाही; करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत द्यायची, तुमच्या सर्व्हरवरून आणि बॅकअपमधून केव्हा पुसायची, आणि पुसल्याचे पत्र कोणाच्या सहीने द्यायचे, ही चार वाक्ये त्यात असावीत. थकबाकी असली तरी रुग्णांच्या नोंदी अडवून धरता येणार नाहीत, हेही तिथेच लिहून टाका. डॉक्टर करारात सर्वांत आधी हेच शोधतात.